सत्त्याण्णव हजारांचा डाव

"चपला बाहेर," पेमारेशेठ म्हणाले. "घ्यायला आलेला अस नाहीतर नुसता बघायला. चपला बाहेर."

मी चपला काढल्या. अकरा वर्षांनी त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकत होतो आणि पहिलं वाक्य कानावर पडलं ते हे. 'ये' नाही, 'बस' नाही. घेणाऱ्याला कसं नमवायचं हे ज्याला कळतं तो आधी त्याला अनवाणी करतो, हे मी चिक्कीच्या धंद्यात शिकलो होतो. पण पेमारेशेठचा त्यात डाव नव्हता. त्यांचा तो नियमच होता. माथेरानात मोटार येत नाही, डांबर नाही, सगळीकडे लाल माती. ती पायांबरोबर घरात येते, आणि पेमारेशेठच्या म्हणण्याप्रमाणे मशीनच्या पोटात एकदा गेली की मशीन दम्याच्या माणसासारखं खोकायला लागतं. म्हणून 'पेमारे करमणूक केंद्रा'त मुंबईचे बडे बडे साहेबही मोजे घालून खेळायचे. एखाद्याच्या मोज्याला भोक असलं की आम्ही बाहेरून बघून हसायचो.

मशीन होतं कोपऱ्यात, चादरीखाली. शेठनी चादर काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि मग म्हणाले, "बघ."

ते पिनबॉलचं मशीन. बाजारात त्याला गोटीमशीन म्हणायचे. चार पायांचं, पलंगाएवढं, वर काच. दांडा ओढून सोडला की लोखंडाची गोळी वर उडायची, आतल्या छोट्या छत्र्यांवर आपटत, घंटा वाजवत, दिवे पेटवत खाली यायची. खाली दोन छोटे हात, दोन्ही बाजूंच्या बटणांनी हलणारे. गोळी त्यांच्यामधून निसटायच्या आत परत वर मारायची. समोरच्या उभ्या काचेवर सर्कशीचं चित्र, घोड्यावर उभी असलेली एक गोरी बाई, आणि तिच्या पायाखाली आकडे फिरायचे. शेठनी ते चौऱ्याहत्तर साली मुंबईच्या कुठल्याशा जिमखान्याच्या लिलावात घेतलं होतं आणि आठ माणसं लावून डोंगरावर आणलं होतं.

"किती म्हणता?" मी विचारलं.

"सहा हजार."

"नेरळचा भंगारवाला दोन देत होता म्हणे."

"तो वजनावर देत होता. तू वजनावर घेणार असलास तर चपला घाल."

माणूस बदलला नव्हता. बासष्टी आली होती, गुडघे गेले होते, बायको वारली होती, मुलगा डोंबिवलीहून 'दुकान विका आणि इकडे या' म्हणून पत्रं पाठवत होता. पण ताठा तोच. मला बरं वाटलं. वाकलेल्या माणसाला वाकवण्यात काय मजा?

कारण मी वाकवायलाच आलो होतो. मशीन घ्यायचं, माझ्या दुकानापुढे भर बाजारात मांडायचं आणि वर पाटी लावायची: 'कुणीही खेळा. इथे मालक मारत नाही.' पाटी रंगवून तयार होती. अक्षर चांगलं आलं होतं.

मारण्याची गोष्ट त्र्याऐंशीच्या मे महिन्यातली. मी एकवीस वर्षांचा. शेठच्या दुकानात एक काळी फळी टांगलेली असायची: 'एक लाख करणाऱ्याचे नाव या फळीवर रंगवले जाईल.' नऊ वर्षांत फळी कोरीच होती. त्या शनिवारी माझी शेवटची गोळी चालू होती आणि घोडेवाल्या बाईच्या पायाखाली आकडा होता सत्त्याण्णव हजार. मागे माणसं दाटलेली. कुणीतरी रंगाचा डबा आणायला धावलंही होतं. तेवढ्यात शेठनी माझं मनगट धरलं.

"डावा हात काचेवर कशाला फिरवतोस?"

"कुठं?"

"मूठ उघड."

मूठ उघडेपर्यंत गोळी खाली गेली, दिवे विझले. मूठ रिकामी होती. शेठनी दोन थोबाडीत मारल्या. उजव्या हाताने, एकाच गालावर. मग सगळ्यांसमोर माझे खिसे उलटे केले. सापडलं काही नाही; सव्वा रुपया आणि कंगवा. तरी म्हणाले, "नाही सापडलं म्हणजे नव्हतं असं होत नाही. हा चुंबक लावून खेळतो. चालता हो."

एवढंच. पण माथेरान किती मोठं? संध्याकाळी लिंबाजी न्हाव्याने माझी दाढी करताना विचारलं, "काय चुंबक्या, कल्ले ठेवू का?" आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मुली बघायला गेलो तर दोन ठिकाणी नाव आधी पोचलं आणि मी मागून. तिसरीकडे लग्न जमलं, कारण मंदाकिनीचं माहेर पार तिकडे मुरबाडला. दुकानात गिऱ्हाईक वजनाच्या काट्याकडे बघायचं तेव्हा बाजूचा म्हणायचा, "नीट बघा हां, पारड्याखाली चुंबक असेल." सगळं हसण्यावारी. हसण्यावारी नेलेल्या गोष्टीला उत्तर देता येत नाही, हीच तर तिची खोड.

मी गिळत होतो. पण चौऱ्याण्णवच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर माझी प्राची पहिलीतून रडत घरी आली. "पप्पा, चुंबक्याची पोर म्हणजे काय?"

त्याच आठवड्यात कळलं की पेमारेशेठ मशीन विकतायत.

"आधी पोट उघडून दाखवा," मी म्हणालो. जुनं पिनबॉल मशीन घ्यायची ही माझी पहिलीच वेळ. आत काय बघायचं असतं मला ठाऊक नव्हतं. पण जुनं काहीही घेताना पोट उघडायला लावावं. आत काय आहे ते नाही कळलं तरी उघडताना विकणाऱ्याचं तोंड कसं होतं ते कळतं.

शेठचं तोंड कसंच झालं नाही. कमरेची किल्ली काढली, पुढची पट्टी खोलली, काच सरकवून भिंतीला टेकवली. मग खालची फळी दोन्ही हातांनी उचलून टेकूवर उभी केली, गाडीचं बॉनेट उघडावं तशी.

मला मनापासून काहीतरी सापडायला हवं होतं. अख्ख्या बाजाराची खात्री होती की पेमारेने आत काहीतरी करून ठेवलंय, नाहीतर नऊ वर्षं लाख होत नाहीत म्हणजे काय? मी वाकून वाकून बघितलं. तारा मेणदोऱ्याने बांधलेल्या, वेणी घातल्यासारख्या. धूळ नावाला नाही. रबरं जिथल्या तिथे. पायांखाली पाचर नाही, उतार वाढवलेला नाही.

"हे लोंबतंय काय?" मी एका बारीक लंबकाकडे बोट केलं. विचारलं अशा आवाजात, की जणू चोर पकडला.

"मशीन हलवलं की हा कडीला टेकतो आणि डाव बंद होतो. माझा नाही, कारखान्यातूनच आलाय."

"घट्ट केलाय वाटतं."

"ढिला केलाय. पोरंसोरं उड्या मारतात."

माझी निराशा झाली. खोटं सांगत नाही. शत्रू प्रामाणिक निघण्यासारखं वाईट काही नाही. मग पेटीच्या आतल्या बाजूला डकवलेला कागद दिसला. शेठच्या टोकदार अक्षरात तारखा होत्या, कधी काय बदललं त्याच्या. उजवा हात, नवी स्प्रिंग. लाल दिवा. घंटेचा हातोडा. आणि मध्येच एक ओळ: '१४ मे ८३. सुधाकर घावरे. ९७,०००. डाव अपुरा.'

चोरी नाही, लबाडी नाही. अपुरा.

मी ती ओळ दोनदा वाचली. शेठनी मला वाचताना बघितलं. फळी खाली बसवली, काच सरकवली. "काच उघडी ठेवू नये. धूळ जाते," म्हणाले आणि "चहा टाकतो," म्हणून गुडघ्यांवर हात देत आत गेले.

आता जे मी केलं ते करण्यासाठीच, खरं म्हणाल तर, मी सहा हजार खिशात घालून आलो होतो. पाटीबिटी वरची सजावट.

मशीनच्या उजव्या कडेला, दांड्याच्या तोंडाशी गोळी उभी होती. मी मागे बघितलं. आत स्टोव्हचा आवाज. खिशातून चुंबक काढला. मोडक्या स्पीकरचा, रुपयापेक्षा थोडा मोठा. तेव्हाचा होता अगदी तसाच, मुद्दाम शोधून आणलेला. काचेवर गोळीच्या बरोबर वर ठेवला आणि हळूहळू वर सरकवला.

गोळी हलली नाही.

उलटा करून ठेवला. डावीकडून, उजवीकडून. गोळी ढिम्म. काच आणि गोळी यांच्यामध्ये चांगलं चार बोटांचं अंतर. काच काढलेली बघितली नसती तर मला ते कधी कळलंच नसतं. वरून बघताना गोळी काचेला टेकल्यासारखी वाटते.

होय, होता. त्या शनिवारी माझ्या डाव्या मुठीत चुंबक होता. शेठनी मनगट धरलं त्या क्षणी मी तो सोडून दिला आणि तो शेजारच्या पुण्याच्या एका बाईंच्या तोंड उघड्या कापडी पिशवीत पडला. त्या बाई चुंबक घेऊन पुण्याला गेल्या आणि मी नाव घेऊन इथे राहिलो. पण आज कळलं ते वेगळंच. चुंबक नुसता हातात होता. त्याने गोळीला केसभरही ओढलं नव्हतं. सत्त्याण्णव हजार माझ्या दोन हातांचे होते, खणखणीत. मी चोरी केली होती, पण चोरी झालीच नव्हती.

माणसाला अशा वेळी हलकं वाटायला हवं. मला भयंकर राग आला. मी अकरा वर्षं मनातल्या मनात 'दोन थोबाडीत तर बसल्या, बसायच्याच होत्या' म्हणून स्वतःची समजूत घालत आलो होतो. आता ती समजूतही गेली. ह्या म्हाताऱ्याने माझा लाख खाल्ला. तीन हजार राहिले होते, फक्त तीन.

शेठ दोन कप घेऊन आले तेव्हा चुंबक खिशात होता.

आम्ही चहा घेतला. ते स्टुलावर, मी खिडकीच्या कट्ट्यावर.  मग शेठ म्हणाले, "सुधाकर, एक विचारू?"

"विचारा की."

"मी त्या दिवशी मूठ उघडली ती रिकामी. खिसे रिकामे. रात्री पुन्हा मशीनखाली सरपटत गेलो, केरसुणी फिरवली. काही नाही. मग वाटलं, अरे, आपण मारलं खरं, पण बघितलं काय? हात फिरताना बघितला. हात तर कुणाचाही फिरतो." त्यांनी चष्मा सारखा केला. "हिला मी म्हणायचो, एकदा जातो आणि विचारतो. ती म्हणायची जा. नाही जमलं. माझ्या तोंडून 'चुकलो' निघत नाही, हा माझा दोष. ती गेली, आता मीही चाललो डोंबिवलीला. खरं सांग. होता का तुझ्याकडे?"

मी त्यांच्याकडे बघितलं. चष्म्याच्या मागे डोळे मोठे दिसत होते.

होता, पण त्याने काही झालं नाही. बघा, हा काचेवर ठेवा, गोळी हलते का बघा. एवढं म्हटलं असतं की झालं असतं. म्हाताऱ्याच्या उरावरचा धोंडा उतरला असता. ते म्हणाले असते, हात्तिच्या, म्हणजे मीही बरोबर आणि तूही! पण बाजारात काय पोचलं असतं? 'होता' एवढंच. बाकीचं वाक्य दाराबाहेर गेलंच नसतं. आणि मी जन्मभर चुंबक्या, आणि माझी पोर चुंबक्याची.

हे आता सांगतो. तेव्हा एवढा विचार केला नव्हता. तेव्हा फक्त दिसलं की हा माणूस पहिल्यांदा माझ्यापुढे खाली बसलाय, आणि फुंकर मारली तरी पडेल.

"नव्हता," मी म्हणालो.

शेठनी कप खाली ठेवला. 

"आईची शपथ वगैरे घालणार नाही मी तुला."

"घाला की. नव्हता, शेठ."

त्यांनी मान हलवली. खूप वेळ हलवतच राहिले. तोंड असं झालं, जे बघायला मी अकरा वर्षं थांबलो होतो, आणि खोटं कशाला बोलू, मी ते पोटभर बघितलं.

"तीन दे," ते म्हणाले.

"काय?"

"सहा म्हणालो होतो, तीन दे. तुझ्या लाखाला जेवढे कमी पडले तेवढे मी सोडले. आणि हमालांना मी बोलावतो. मी बरोबर येणार."

"तुम्ही कशाला? गुडघे तुमचे…"

"मी येणार."

मी तीन मोजून दिले. उरलेले तीन परत खिशात ठेवताना ते चुंबकाला लागले.

काळूराम निरगुडा तीन गडी घेऊन आला. आमच्याकडे घोडा, हातगाडी आणि माणसाचा खांदा एवढीच वाहनं; हातगाडीच्या हादऱ्याने तारा तुटतील म्हणून शेठनी खांदाच हवा म्हटलं. मशीनचं डोकं काढलं, पाय काढले. धड दोन वाशांवर बांधलं, वर तीच चादर घातली. चौघांनी खांद्यावर घेतलं आणि काळूराम म्हणाला, "शेठ, राम म्हणायचं का काय?"

"नीट चाल. कलवू नको," शेठ म्हणाले.

शुक्रवारची दुपार. पाहुणे शनिवारी येतात. शुक्रवारी दुपारी सगळा बाजार दारात बसून रिकामा. मी तोच वार निवडला होता. मला बघायला माणसं हवी होती.

मशीन जड. दर पन्नास पावलांवर गड्यांना टेकायला लागणार आणि टेकायचं तर सपाट, धूळ नसलेल्या जागी, म्हणजे कुणाच्या तरी दुकानाच्या ओट्यावर. पहिला ओटा आला नौशादभाईंच्या चपलांच्या दुकानाचा. गड्यांनी मशीन टेकलं. शेठ लंगडत पुढे झाले, पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले.

"नौशादभाई, त्र्याऐंशी साली मी ह्या सुधाकरला चोर म्हणून मारलं. तुम्ही तिथे उभे होता."

नौशादभाई हातातली चपल घेऊन उठलेच. "अरे शेठ, हे काय…"

"ऐका. चुंबक नव्हता. मी चुकलो. तुम्ही बघितलं होतं, आता हेही बघा."

माझ्या अंगावर काटा आला. सुखाचा. मी एवढं मागितलं नव्हतं. एवढं मागायचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. माझी पाटी ह्याच्यापुढे काय! मी चेहरा गंभीर ठेवून बाजूला उभा राहिलो, नवरदेवासारखा.

दुसरा ओटा खोतांच्या खाणावळीचा. सुलभाबाई खोत पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. तेच शब्द, तेच जोडलेले हात. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "सुधाकर, बाबा, आम्हीही म्हणत होतो रे तुला."

"असू दे हो, काकू," मी म्हणालो. मोठ्या मनाने.

तिसरा ओटा लिंबाजीचा. ह्याची मी वाट बघत होतो. खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, लिंबाजीच्या हातात वस्तरा.

"लिंबाजी, नाव तू ठेवलंस, पण कारण मी दिलं," शेठ म्हणाले. "आज ते नाव मला लाव. चुंबक नव्हता."

लिंबाजीने वस्तरा खाली ठेवला. बोलघेवडा माणूस. पण माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "सुधाकरराव, चुकलं."

सुधाकरराव! अकरा वर्षांत त्याच्या तोंडून सुधाकरसुद्धा निघालं नव्हतं.

इथे थांबलं असतं तर फार छान झालं असतं. पण चौथा ओटा आला. मग पाचवा. शेठचे गुडघे आता वाकत नव्हते. चपला काढताना ते काळूरामचा खांदा धरत. दर वेळी तेवढेच शब्द, एकही कमी नाही. लोक आता कामं सोडून मागून चालायला लागले होते. ज्या दुकानांचे मालक त्र्याऐंशी साली इथे नव्हतेही, तिथेही शेठ थांबत.

"पुरे आता शेठ," मी हळूच म्हणालो. "कळलं सगळ्यांना."

"अजून सहा दुकानं आहेत."

"त्यांना ठाऊकही नाही काही."

"नाव तर ठाऊक आहे ना?"

काळूराम खांदा बदलत म्हणाला, "शेठ, आम्ही वजन वाहतोय का वरात काढलीय? जरा बिगीबिगी माफी मागा की!" लोक हसले. शेठ हसले नाहीत. मीही नाही. माझ्या खिशात तो चुंबक प्रत्येक पावलाला मांडीवर आपटत होता, आणि मला वाटायला लागलं होतं की तो वाजतोय.

माझ्या दुकानापाशी मंदाकिनी हळदकुंकू आणि नारळ घेऊन उभी होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. तिचे डोळे लाल होते. दुकानापुढच्या पडवीत मशीन उभं केलं. शेठनी पाय लावले, डोकं चढवलं, तारा जोडल्या, काचेवर पाण्याने भरलेला पेला ठेवून पायांच्या चकत्या फिरवत बसले, पाणी सारखं दिसेपर्यंत. दिवे लागले. घोडेवाली बाई उजळली. बाजार पडवीपुढे दाटला होता, आणि कुणी न सांगता सगळ्यांनी चपला काढल्या होत्या.

"खेळ," शेठ म्हणाले. "अपुरा राहिलाय तो पुरा कर."

मी उभा राहिलो. दोन्ही हात बटणांवर, सगळ्यांना दिसतील असे. सगळे हातांकडेच बघत होते, पण आता वेगळ्या नजरेने. पहिली गोळी गेली. दुसरी. माझी बोटं माझी नव्हती. पाच गोळ्या मिळून एकतीस हजार.

 मला वाटलं, आता लिंबाजीला सुचेल काहीतरी. तेवढ्यात शेठच बोलले, लोकांकडे वळून.

"ह्याला अकरा वर्षं मी मशीनला हात लावू दिला नाही. हात राहतील कसे?"

म्हणजे तेही त्यांनी आपल्या माथी घेतलं. मग चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि गाल पुढे केला.

"दोन उसन्या आहेत तुझ्या. घाल."

 मंदाकिनीने पदर तोंडात धरला. मी त्या गालाकडे बघितलं. खुंट वाढलेले, पांढरे, त्यावर लाल मातीची एक रेघ. अकरा वर्षं मी तो गाल स्वप्नात बघितला होता. हात उचलला असता तर बाजाराने समजूनही घेतलं असतं.

मी वाकलो आणि पेमारेशेठच्या पायांना हात लावला.

काय गलका उठला! सुलभाबाई ढळाढळा रडल्या. नौशादभाईंनी मला मिठी मारली. "मन पाहिजे तर असं," लिंबाजी म्हणाला, आणि ते वाक्य अजून माथेरानात सांगतात. कुणाचं भांडण मिटवायचं झालं की म्हणतात, सुधाकररावांनी काय केलं बघा. शेठनी मला उठवलं, खांद्यावर हात ठेवला. काळूरामला धरून निघून गेले. महिन्याभराने डोंबिवलीला गेले ते परत आलेच नाहीत.

मला एक गोष्ट मात्र तेव्हाच कळली होती, पायांशी वाकलेलो असताना. थोबाडीत मारली असती तर हिशेब फिटला असता.

दिवेलागणीला लोक पांगले. मंदाकिनी मशीनच्या काचेवर सांडलेलं कुंकू ओल्या फडक्याने पुसत होती. प्राची 'ह्या बाईचा घोडा पळत का नाही' म्हणून विचारत होती. तिला आत पाठवून मंदाकिनीने फडकं पिळलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"अहो, खरंच नव्हता ना?"

"नव्हता," मी म्हणालो.

शेठना म्हणताना जीभ किंचित जड झाली होती. आता तेवढीही झाली नाही.